प्वेर्तो साबालोचा आकडा

राजधानीतला साहेब यंत्र घेऊन येणार ही बातमी नूरिसने स्वतःच गावभर पोहोचवली, आणि घोटाळा तिथेच झाला.

मोटरसायकलला भोंगा बांधून गल्लोगल्ली ओरडत फिरायचं, ही आमच्या किनाऱ्यावरची जुनी पद्धत. मजकूर नूरिसने आपल्या हाताने लिहिला होता: 'शनिवारी संध्याकाळी पाच वाजता डॉक्टर रोसो आपल्या नव्या स्टेडियमचा आवाज यंत्राने मोजणार. गावाची अब्रू पणाला लागली आहे. सहकुटुंब या!' अब्रूचं वाक्य तर तिला फारच जमून आल्यासारखं वाटलं. आकडा कमी यायला हवा, हे मात्र तिने लिहिलं नाही. त्यात लिहायचं काय, असं तिला वाटलं. राजधानी बोगोताच्या थंडीत इतकी वर्षं स्वेटर घालून शिकण्यात बाई एक गोष्ट साफ विसरली होती. प्वेर्तो साबालोत आवाज यंत्राने मोजतात तो फक्त पिकोंच्या सामन्यात, आणि तिथे ज्याचा आकडा मोठा तो जिंकतो.

पिको म्हणजे कपाटाएवढाले स्पीकर एकावर एक रचून, समोरून भडक चित्र रंगवून, वर माणसासारखं नाव ठेवलेलं धूड. बारसं असो, लग्न असो की निवडणूक, पिको लागल्याशिवाय काही घडलं असं इथे कोणी मानत नाही. गावातला सगळ्यात मोठा पिको नूरिसच्या मामाचा, एवारिस्तोचा. नाव 'ला सुएग्रा', म्हणजे सासू. चित्रात एक जाडजूड बाई चप्पल उगारून उभी आहे. ती कोणाच्या चेहऱ्यावरून काढली असं विचारलं की मामा म्हणतो, "कोणाच्याच नाही, मनाने काढलीय." मामी यावर आजतागायत विश्वास ठेवत नाही.

या सासूच्या जिवावर मामाने बहिणीच्या मुलीला लहानाची मोठी केली, बोगोताला पाठवली, इंजिनियर केली. आणि गेले कित्येक महिने तो त्याच मुलीशी बोलत नव्हता.

भांडण झालं स्टेडियमचं बांधकाम चालू असताना. मामा एक दिवस पाहायला आला. ऊन मी म्हणत होतं. नूरिस त्याला मोठ्या हौसेने सगळं दाखवत होती. मैदान जमिनीत खोल खणून बसवलेलं, निघालेल्या मातीचा चौफेर बांध घातलेला, बांधावर झाडं. वर बांबूचं छप्पर, त्याला आतून नारळाच्या काथ्याच्या जाड गाद्या. छपरावर सोलर पॅनल, खाली पावसाच्या पाण्याची टाकी. मैदान असं आखलेलं की सकाळी बेसबॉल, संध्याकाळी फुटबॉल, मधोमध रिंग लावली तर बॉक्सिंग, आणि यातलं काहीच नसेल तर लग्न. समुद्राचा वारा खारफुटीवरून येतो, म्हणून त्या बाजूला भिंत बंद आणि फक्त खालून झरोके. पलीकडे मिठागरांच्या बाजूला बांधाच्या वर सगळं उघडं, तिकडे वस्तीच नाही. पंख्याची गरजच नाही.

"ते राहू दे," मामा म्हणाला. "स्पीकर कुठेत?"

"हे काय, तुमच्या डोक्यावर."

मामाने वर पाहिलं. छपराच्या बांबूंना नारळाएवढे स्पीकर ओळीने लटकत होते, प्रत्येक खाली बसणाऱ्याच्या कानाकडे तोंड करून.

"हे? मला वाटलं कसले तरी दिवे आहेत."

"मामा, मोठा स्पीकर एका जागी ठेवून सगळ्या मुलखावर ओरडण्यापेक्षा प्रत्येकाच्या कानाशी हळू बोललेलं बरं नाही का?"

"कानाशी हळू बोलायला मी काय पाद्री आहे? छातीत धडधडलं नाही तर त्याला आवाज म्हणतात का गं?"

"धडधडेल की! बाकांच्या फळ्यांखाली ठोके देणारी पेटी बसवलीय प्रत्येक रांगेला. ढोल वाजला की तो फळीतून थेट अंगात शिरतो."

"म्हणजे लोकांनी ढुंगणाने गाणी ऐकायची?" मामाने टोपी डोक्यावर घातली. "चांगलं शिकवलंन तुला बोगोताने. मुक्यांसाठी स्टेडियम बांध म्हणावं."

तो गेला तो गेलाच. पुढे रस्त्यात भेटला तरी टोपी डोळ्यांवर ओढून घ्यायचा. मधूनमधून निरोप मात्र यायचे, मामीमार्फत: मासळीचा रस्सा केलाय, घेऊन जा, पण हे घरात नसताना ये.

नूरिसनेही हौस म्हणून इतका काथ्याकूट केला नव्हता. स्टेडियमला लागून जी खारफुटी आहे, तिथे सगळ्या किनाऱ्यावरचे बगळे रात्रीच्या मुक्कामाला येतात. पर्यावरण खात्याची अटच होती: स्टेडियम भरलेलं असताना, बगळे उतरायच्या वेळी, खारफुटीच्या काठावर आवाजाचा आकडा पन्नास डेसिबलच्या वर जाता कामा नये. गेला तर संध्याकाळचे सामने बंद, माइक बंद. आणि आमच्याकडे दुपारच्या उन्हात खेळायला माणूस सोडा, बकरीसुद्धा तयार होत नाही. संध्याकाळ गेली म्हणजे स्टेडियमच गेलं. नूरिसने हे स्टेडियम आधी कागदावर काढलं, मग नगराध्यक्षाच्या गळी उतरवलं, मग बांधलं. शनिवारी ते तरणार किंवा बुडणार होतं.

शनिवारी डॉक्टर रोसो वेळेआधी हजर झाले. ते कसल्याच दुखण्याचे डॉक्टर नाहीत, पण आमच्याकडे टाय लावलेल्या प्रत्येक माणसाला डॉक्टर म्हणायचं असतं. गोरेपान, घामाघूम, बोलायला अत्यंत सभ्य. "इंजिनियर बाई," ते म्हणाले, "मी होडीतून काठापाशी जाऊन बसतो. प्रेक्षक नेहमीसारखे वागू देत. तुमची सगळी यंत्रणा चालू करा. आकडा आला की फोन करतो."

एका कोळ्याने त्यांना होडीत घातलं, आणि खारफुटीच्या वळणाआड टाय दिसेनासा झाला.

नूरिस फाटकापाशी आली तर बेत्साबे दिसली. बेत्साबे आरेपा, म्हणजे अंडं भरलेल्या मक्याच्या पुऱ्या, तळून विकते, आणि गावातली निम्मी बातमी तिच्या कढईतून निघते. आज तिच्याकडे कढई होती, पण तेल नव्हतं. हातात लोखंडी झारा होता.

"आज आरेपा नाहीत?" नूरिसने विचारलं.

"आज कसल्या आरेपा, राणी! आज अब्रूचा प्रश्न आहे." बेत्साबेने झारा कढईवर असा हाणला की शेजारचं कुत्रं उठून गेलं. "कसा वाटला?"

"छान. पण कशाला?"

"कशाला काय? आकडा वाढवायला! शेजारच्या बोका कायमान गावच्या स्टेडियमचा एकशे दहा आला होता म्हणे. एकशे दहा! त्यांचं ते पत्र्याचं खुराडं, आणि आपण मागे राहायचं? तू काळजी करू नकोस. तुझे स्पीकर बारीक आहेत हे सगळ्यांना माहीत आहे. कोणी तुला दोष देत नाही. सगळं गाव मदतीला येतंय."

नूरिसने रस्त्याकडे पाहिलं.

सगळं गाव खरंच येत होतं. पातेली, झाकणं, परातींसकट येत होतं. कोळी शंख घेऊन आले होते. शाळेचा बँड आला होता, त्यातला मोठा ढोल चौघांनी उचललेला. चर्चची घंटा काही काढता आली नाही, म्हणून पाद्रीबाबा प्रार्थनेची छोटी घंटा घेऊन आले होते आणि ती फारच छोटी आहे म्हणून सगळ्यांची माफी मागत होते. एका म्हातारबांनी कोंबडा आणला होता.

"अहो, थांबा!" नूरिस ओरडली. "कमी यायला पाहिजे! आकडा कमी!"

लोक हसले. एकीने तिच्या गालावरून हात फिरवला. "घाबरलीय बिचारी. साहजिक आहे. पहिलंच स्टेडियम आहे."

तेवढ्यात केळी वाहायचा ट्रक धुरळा उडवत फाटकाशी येऊन थांबला. मागे, दोरखंडांनी बांधलेली, चप्पल उगारलेली सासू. आणि टपावर मामा. अंगात लग्नातला पांढरा सदरा, टोपी आज डोळ्यांवर नाही तर मागे सरकवलेली.

तो खाली उतरला. नूरिससमोर येऊन उभा राहिला. इतक्या महिन्यांचं न बोललेलं आता कुठून सुरू करावं हे त्याला कळेना. शेवटी खाकरून म्हणाला, "जेवलीस का?"

"मामा..."

"काही बोलू नकोस. राग माझा होता, तो घरी ठेवून आलोय. त्या बोका कायमानच्या सिक्स्तोने चारचौघात विचारलं, तुझ्या भाचीच्या स्टेडियमचा आवाज डास चावल्यावर येतो तेवढा का, म्हणून. माझ्या भाचीला! मी म्हटलं, शनिवारी कळेल. तुझे ते नारळ वर असू देत. खाली सासू लावतो. रक्ताचं नातं आहे आपलं."

नूरिसला एकाच वेळी त्याच्या गळ्यात पडावंसं वाटत होतं आणि ट्रकच्या चाकांची हवा सोडावीशी वाटत होती. "मामा, ऐका माझं. पन्नासच्या वर गेलं तर परवानगी मिळणार नाही. आकडा जितका लहान तितकं चांगलं."

मामाने तिच्याकडे खूप प्रेमाने पाहिलं. "ऐन लग्नात नवरी अशीच म्हणते, मला नाही करायचं लग्न. मग होतं सगळं नीट." आणि मागे वळून त्याने हाक दिली, "उतरवा रे सासूबाईंना! जपून, कंबर सांभाळा तिची!"

आता करायचं काय? रोसोंना फोन करून आज नको म्हणावं, पुढच्या आठवड्यात मोजा म्हणावं, एवढंच हातात होतं. नूरिसने फोन काढलासुद्धा. आत बाकं भरत होती. लोक झाकणं बडवून पाहत होते, एकमेकांना शाबासकी देत होते. आणि तिला वाटलं, पुढच्या आठवड्यात तरी हे लोक कुठून वेगळे येणार आहेत? समजावून, हाता-पाया पडून एक दिवस यांना गप्प बसवता येईल. पण स्टेडियम एका दिवसासाठी थोडंच बांधलंय? गोल झाला की हे असेच बोंबलणार. लग्न असलं की सासू येणारच. हे गाव जसं आहे तसं ज्याला सोसत नाही ते स्टेडियम या गावाचं नव्हेच. तिने फोन खिशात टाकला, माइक उचलला, आणि तिच्याच कानाला अनोळखी वाटेल अशा आवाजात ती म्हणाली:

"प्वेर्तो साबालो! वाजवा!"

पुढे जे झालं त्याला आवाज म्हणणं म्हणजे समुद्राला ओलसर म्हणण्यासारखं आहे. पातेली, शंख, ढोल, कोंबडा, आणि या सगळ्यांना खिशात घालून सासू. मैदानाच्या तळाशी बसून ती अशी गरजली की पहिल्या रांगेतल्या बायकांचे झगे हलायला लागले. नूरिसने आपली यंत्रणाही पूर्ण सोडली. बाकांच्या फळ्यांतून ठोके वर चढले, आणि सगळी रांगच्या रांग 'आई गं!' म्हणून उडाली. मग परत बसली. मग मुद्दाम बसली. बेत्साबे फळीला हात लावून किंचाळली, "अगं, हे मांडीतून येतंय!" नगराध्यक्षांच्या सौभाग्यवती डोळे मिटून स्वस्थ बसून राहिल्या आणि उठायला तयार होईनात. पाद्रीबाबा घंटा वाजवत होते, ती त्यांची त्यांनाही ऐकू येत नव्हती, पण चेहऱ्यावर परमानंद होता.

नूरिस मध्ये उभी राहून हसत होती. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ती हसत होती. सगळं बुडतंय हे तिला दिसत होतं, पण बुडताना इतकी मजा येते हे तिला कोणी सांगितलं नव्हतं.

फोन वाजला असेल तर तो कोणाला ऐकू येणार? बऱ्याच वेळाने खारफुटीच्या बाजूचं लाकडी दार उघडलं आणि डॉक्टर रोसो आत आले. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, पाय चिखलाने माखलेले, हातात यंत्र, चेहरा वैतागलेला. ते काहीतरी बोलत बोलतच आत शिरले होते. दारातून दोन पावलं पुढे आले मात्र, आणि सासूच्या आवाजाचा लोट अंगावर आला. त्यांनी दार धरलं. चष्मा नाकावरून घसरला.

नूरिसने हात उंच करून सगळ्यांना थांबवलं. सासू थांबली. झाकणं थांबली. कोंबडा थांबला नाही, पण त्याला कोण सांगणार.

"इंजिनियर बाई," रोसो अडखळत म्हणाले, "मी... मी विचारायला आलो होतो, तुम्ही सुरू कधी करणार? मी कधीचा फोन करतोय. बगळे उतरायला लागले. मला वाटलं, लोक आलेच नाहीत."

नूरिस धावत त्यांच्यापाशी गेली. "आकडा किती आला?"

"सगळ्यात जास्त आला तो अठ्ठेचाळीस. पण तो जवळच्या एखाद्या होडीचा वगैरे असेल..."

"अठ्ठेचाळीस!" नूरिस किंचाळली, आणि तिने बोगोताच्या सरकारी साहेबाला कंबरेला धरून गरकन फिरवलं. चिखलाचे शिंतोडे चौफेर उडाले.

ती एकटीच नाचत होती. बाकांवर सुतक पडलं होतं.

"एकशे अठ्ठेचाळीस म्हणाले असतील," मागून एकाने आशेने सुचवून पाहिलं.

"नुसते अठ्ठेचाळीस," रोसो म्हणाले.

बेत्साबेने झारा हळूच पिशवीत टाकला. ढोलवाले एकमेकांकडे पाहत नव्हते. आणि मामा सासूच्या पायथ्याशी मटकन बसला. त्याने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "पूर्ण सोडली होती मी," तो कोणालाच उद्देशून नाही असा म्हणाला. "सगळे खटके वर होते. म्हातारी झाली माझी सासू."

आता मात्र नूरिसचा पारा चढला. तिने पुन्हा माइक उचलला. "अहो शहाण्यांनो! ऐका जरा! अठ्ठेचाळीस बाहेर आला, बाहेर! आत किती होता ते तुमच्या कानांना विचारा! मामा, सासूला आजवर पोलिसांनी किती वेळा बंद केलं?"

"दर शनिवारी," मामा म्हणाला.

"का?"

"शेजारचे तक्रार करतात म्हणून."

"इथे बाहेर कोणाला ऐकूच जात नाही! कोण तक्रार करणार? बगळे? त्यांना पत्ताच नाही! पाहिजे तेवढं वाजवा, पाहिजे तेवढा वेळ वाजवा, कोणाच्या बापाची हिंमत नाही बंद करायची! खरं की नाही, डॉक्टर?"

रोसोंनी चष्मा पुसला. "नियमाप्रमाणे पाहिलं तर... हो. आत काय चालतं त्याच्याशी खात्याचा संबंध नाही."

बाकांवर कुजबुज झाली. कुजबुजीचा गोंगाट झाला. हळूहळू, रांगेरांगेने, गोष्ट गावाच्या डोक्यात उतरली. आणि मग जी आरोळी उठली तिच्यापुढे मघाचा सगळा कारभार नुसता सराव वाटावा. पण मामा उठला नव्हता. त्याचा कशावरही असा सहज विश्वास बसत नाही.

"मला स्वतःला पाहायचंय," तो म्हणाला. "डॉक्टर, मला त्या होडीत बसवा. पोरी, तू पण चल. आणि तुम्ही रे, सासू परत लावा. एक खटका जरी खाली केला तर हात मोडीन."

तिघे दारातून बाहेर पडले. मागे सासू पुन्हा गरजली आणि दार बंद झालं. बांध ओलांडला, झाडं ओलांडली, होडीत बसले. कोळ्याने दोनचार वल्ही मारली. वारा तोंडावर येत होता. खारफुटीवर बगळेच बगळे, फांदीवरून भांडणारे, एकमेकांना ढकलून जागा करणारे. मामाने मान तिरकी केली. मग दुसऱ्या बाजूला तिरकी केली. कानात बोट घालून फिरवलं. कुठून तरी खूप लांबून, शेजारच्या खोलीत कोणी बोट आपटावं इतपत, ठक-ठक येत होती.

"ती माझी सासू?"

"ती तुमची सासू," नूरिस म्हणाली.

"सगळे खटके वर?"

"सगळे."

मामा खाली पाण्याकडे पाहायला लागला. आता नूरिसला खरी भीती वाटली. ज्याची सगळी जिंदगी मोठा आवाज करण्यात गेली, त्याला आपण काय दाखवायला आणलं, असं तिला वाटलं. मामाने खिशात हात घातला, फोन काढला, एक नंबर लावला आणि फोन बगळ्यांच्या दिशेने उंच धरला.

"सिक्स्तो? एवारिस्तो बोलतोय. ऐक. काय ऐकू येतंय?... बगळे, बरोबर! शाबास! आणि सासू ऐकू येतेय? नाही? अरे, सासू इथे भिंतीपलीकडे पूर्ण जोरात चालू आहे, गाढवा! सगळं गाव आत बोंबलतंय! अठ्ठेचाळीस आला आमचा, अठ्ठेचाळीस! राजधानीचा डॉक्टर शेजारी बसलाय, विचार त्याला! तुमचा किती होता रे? एकशे दहा? अरेरे." मामाने दुःखाने मान हलवली. "लाज वाटायला पाहिजे. एवढा मोठा आकडा घेऊन माणसात कसे फिरता तुम्ही?"

पलीकडून बराच आरडाओरडा ऐकू आला.

"काय म्हणतोस? मी केलं? छे छे. मला कुठलं जमायला! अठ्ठेचाळीसवाली माझी भाची. मी वाढवलीय. थांब, इथेच आहे, तिच्याशीच बोल. आणि 'अहो' म्हणून बोल, इंजिनियर आहे ती."

त्याने फोन नूरिसच्या हातात दिला. तिने तो कानाला लावला, पण हसू इतकं दाटलं की तोंडातून शब्द फुटेना. सिक्स्तो पलीकडून "अहो बाई, अहो बाई" करत राहिला, आणि होडी हलायला लागली म्हणून डॉक्टर रोसोंनी दोन्ही हातांनी काठ धरला.